हापशावर बोलायचे दोनच शब्द

सुनेनं माझा पाना लपवून ठेवला आहे. गव्हाच्या डब्यात असावा असा माझा अंदाज आहे, कारण मी त्या डब्याकडे गेलो की ती उगीच स्वयंपाकघरात येते. तिचंही चूक नाही. गेल्या महिन्यात मी चांगल्या चालत्या मिक्सरचं बूड उघडून बसलो. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. बंद केल्यावर मात्र बिघडलं. त्याआधी शिलाई मशीन, त्याआधी नातवाची सायकल. "अब्बा, जरा टीव्ही बघत जावा की," म्हणते. टीव्ही बघतो, पण मला त्याच्या मागचे स्क्रू दिसतात.

खरी गोष्ट अशी की मला स्वस्थ बसताच येत नाही. पहाटे पाचला डोळा उघडतो आणि हात काहीतरी मागायला लागतात. या हातांनी उभा जन्म हातपंप उघडले आणि जोडले. आता त्यांना रिकामपण सोसत नाही, आणि मलाही. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असं विचारायला मंडळी घरी आली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश सूनच झाली. मी कागदावर असेन तोवर घरातल्या वस्तू शाबूत राहतील, एवढाच तिचा मतलब.

तर लिहितो. हातपंपाला आमच्याकडे कुणी हातपंप म्हणत नाही. हापसा म्हणतात, नाहीतर नुसतं बोअर. जमिनीत वीतभरापेक्षा कमी रुंदीचं भोक, खोली दोनशे फूट. त्यात दहा-दहा फुटांचे लोखंडी पाइप एकाला एक जोडून सोडलेले. सगळ्यांत खाली पितळी नळकांडं, त्यात चामड्याचे वॉशर. पाइपांच्या पोटातून एक लांब सळई जाते, ती वरच्या दांड्याला जोडलेली. दांडा दाबला की सळई वर येते, वॉशर पाणी उचलतात. बस, इतकंच यंत्र. यात गंमत अशी की जे बिघडतं ते सगळं खाली, न दिसणारं. डॉक्टर निदान जीभ काढा म्हणू शकतो. आम्हाला वर फक्त एक दांडा.

म्हणून मी गावात सकाळी साडेसहाला पोचायचो. दुरुस्ती दहाला सुरू झाली तरी बिघडत नाही, पण बायका पाण्याला जमतात त्या वेळी तिथं असलं पाहिजे. बिघाड काय आहे ते त्यांच्या गप्पांतच निघतं. "आज दांडा लई हलका आलाय गं," असं कानावर पडलं की समजायचं, सळई तुटली. "तीस डाव हाणल्याबिगर येत न्हाई, मग येतंय," म्हटलं की खालची झडप धरत नाही. "येतंय, पर घागर भरोस्तर दंड भरून येतेत," म्हटलं की वॉशर झिजले. अर्ज-तक्रारी मी पुढं कधी वाचल्याच नाहीत. अर्जावर सगळ्या गावांचं एकच वाक्य असायचं, 'बोअर बंद आहे.'

पण परका माणूस पाण्यावर नुसता उभा राहिला तर बायका गप्प होतात. बसायला काहीतरी बहाणा लागतो. माझ्या पिशवीत धारेचा दगड असायचा. लहानपणापासून मला धार लावायचा नाद. वडील म्हणायचे, हा पोरगा चमच्यालाही धार लावील. मी हापशाच्या ओट्यापासून चार हात लांब बसायचो आणि म्हणायचो, "आणा, कुणाची विळी बोथट झालीय?" पाच मिनिटांत विळ्या, खुरपी, कोयते यायचे. मग मी तिथला नाही हे त्या विसरून जायच्या. कुणाची गोधडी अर्धी शिवून झाली, चुलीला पोतेरं कशाचं चांगलं बसतं, कंदिलाची काच राखेनं पुसावी की कागदानं, यावर तासभर चालायचं. दुष्काळात विषय बदलायचे. भांडी पाण्याशिवाय कशी घासावीत, अंघोळीच्या पाण्यात धुणं करून तेच पाणी कुठल्या झाडाला घालावं. पाणी नसलं की बायकांची अक्कल किती चालते ते मी बघितलंय. आमच्या साहेबांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा या गप्पांनी मला तोंडावर पाडलं होतं, तेही सांगतो. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हाची गोष्ट. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांवरचा रंग ओला, आणि साहेबलोक बाहेरून येऊन मिळेल तिथं बिऱ्हाड करून राहिलेले. अशाच एका बिऱ्हाडासमोर हापसा होता. तो पहाटे चारपासून कुरकुरायचा. साहेबांच्या मंडळींची झोप मोडायची. मला हुकूम आला. मी गेलो, वरची साखळी काढली, ग्रीस भरलं, दांडा असा केला की माशी बसली तरी आवाज येऊ नये. मंडळींनी चहा पाजला. चौथ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मला रस्त्यात गाठलं.

"मिस्त्री, आमचा आवाज कुठं नेलात?" 

मला कळेना. तेव्हा एकीनं समजावलं. पहाटे अंथरुणातूनच त्या कान देत. हापसा कुरकुरतोय म्हणजे कुणीतरी भरतंय, थांबला म्हणजे आपला नंबर. आता आवाजच नाही, तर सगळ्या चार वाजल्यापासून घागरी घेऊन ओट्यावर उभ्या, आणि भांडणं. "थोडं करकर करून द्या की," म्हणाल्या. मी ग्रीस पुसून काढलं. साहेबांच्या मंडळींनी पुढं मला चहा विचारला नाही. चांगलं काम केल्याबद्दल दोन्हीकडून बोलणी खाल्लेला मी एकटाच मिस्त्री असेन.

पण हे सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहितोय. लिहायचंय ते दुसरंच, आणि ते आठवलं की आजही मी उठून घरभर फेऱ्या मारतो.

त्याच दिवसांतला दुष्काळ. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली एक वाडी. नाव लिहीत नाही. अर्धी वाडी मराठी बोलायची, अर्धी कानडी, आणि भांडताना सगळे दोन्ही. विहिरी आटलेल्या. सगळ्या वाडीला मिळून एकच बोअर जिवंत. ते बंद पडलं म्हणून मी आणि माझा मदतनीस तुकाराम जीपमधून सामान घेऊन गेलो. बोअर बंद होऊन दोन दिवस झाले होते. बायका दोन कोसांवर, हद्दीपलीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या आणि ती विहीरही आता वाटीनं खरवडावी लागत होती.

सकाळची वेळ. ओट्यावर पाणी नव्हतं तरी बायका सवयीनं जमल्या होत्या. मी दगड काढून बसलो. त्या दिवशी गप्पांत एकच विषय होता, साप. ओट्याच्या कडेला सांडपाण्याचा ओलसर चिखल असायचा, बेडकं असायची. दुष्काळात तेवढीच ओल, त्यामुळं साप तिथं यायचा. आदल्या संध्याकाळी भला मोठा दिसला होता. मराठी बायका 'पान' म्हणत होत्या, सापाचं नाव घेऊ नये म्हणून. कानडी बायकांना तसला धरबंद नव्हता. त्यांच्या तोंडी सारखा 'हाव, हाव'. कानडीत सापाला हाव म्हणतात. मी हद्दीवर कितीदा काम केलेलं, मला हे ठाऊक होतं. इथंच माझं चुकलं. ठाऊक असून चुकलं.

कारण आमच्याकडे हाव म्हणजे होय.

पाइप उपसायचं काम कसं चालतं ते सांगितलं पाहिजे. वरचं डोकं काढतात. मग दोघे-चौघे मिळून पाइपाला मोठे पाने लावून अख्खी रांग वर ओढतात, ओट्यावर चिमटा असतो तो आवळून रांग पकडतात, वरचा एक पाइप पिळून सोडवतात. मग पुन्हा ओढायचं, पुन्हा आवळायचं. ओढल्यापासून चिमटा आवळेपर्यंत सगळं वजन माणसांच्या हातात असतं. त्या क्षणाला कुणी सोडलं तर रांग सरळ खाली. म्हणून माझा दंडक होता, बोअरच्या तोंडाशी दोनच शब्द बोलायचे. 'धर' आणि 'सोड'. तिसरा शब्द काढणाऱ्याला मी शिव्या द्यायचो. तुकारामाला एकदा नुसतं 'मामा, घाम पुसू का' विचारल्याबद्दल दिवसभर बोललो होतो.

गावातून हाताखाली चार माणसं घेतली. त्यांतला एक बसप्पा. चाळिशीचा, हाडापेरानं मजबूत, कानडी घरचा. मराठी चांगलं बोलायचा पण कमी. शेतात सालानं काम करायचा आणि रिकाम्या वेळी लाकडाचे छोटे बैल कोरायचा. वाडीतल्या निम्म्या घरांत त्याचे बैल कोनाड्यात उभे होते. सळई तुटलेली होती, तिचे वरचे तुकडे आम्ही आधी काढून घेतले. मग पाइप. पहिला आला, दुसरा आला. बसप्पा एका बाजूला, समोर तुकाराम, बाकीचे आधाराला. मी चिमट्यावर. तिसऱ्यासाठी रांग वर ओढली. मी चिमट्याचा बोल्ट आवळायला घेतला, दोन आटे फिरवले असतील.

मागून सुगलाबाई ओरडली. वाडीतली म्हातारी, तोंडाळ, पण मायाळू. तिची विळी माझ्याकडं होती.

"मिस्त्री, माज्या विळीला धार लावली का?" 

"हाव!" मी म्हणालो.

मान वर न करता, मोठ्यानं, सकाळच्या गप्पांत देतात तसं उत्तर दिलं. बसप्पा उभ्या जागी उडाला. दोन्ही पाय उचलून. त्याच्या हातचा पाना सुटला, वजन एका बाजूला गेलं, तुकारामाला एकट्याला झेपेना. चिमटा कचकन घसरला. मग बोअरमधून जो आवाज आला तो मी सांगू शकत नाही. बारा पाइप आपसांत न तुटता एकदम खाली जातात तेव्हा जमीन हुंकार दिल्यासारखी वाजते. आणि मग भोक तेवढं उरलं. काळं, वीतभर.

बसप्पा आपल्या पायांकडं बघत होता. साप नव्हता.

मी काय केलं? त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. "हात हायेत का लाकडं? असं सोडतेत का?" दोन-तीनदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं घाबरलाय. बायकांनी हंबरडा फोडायचा तेवढा बाकी ठेवला. घटकाभरात वाडीभर झालं की बसप्पानं बोअर बुडवलं.

मला कधी उमगलं म्हणता? लगेच. ओरडून तोंड मिटायच्या आत उमगलं. पण तोंड मिटलं ते मिटलंच. नवा जिल्हा, नवे साहेब, माझी नेमणूक अजून पक्की झाली नव्हती. गप्पा मारताना मिस्त्रीच्या हातून बोअर गेलं, हे वर कळलं असतं तर घरी बसलो असतो. दुपारी मी अहवालाच्या कागदावर लिहिलं, 'गावातील मजुराच्या हातून पाइप निसटले.' यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच ते जास्त टोचतं.

खाली पडलेले पाइप काढायला आमच्यात गळ असतो, पोलादी जबड्याचा. तो एकच होता आणि वाटणीत जुन्या जिल्ह्याकडं राहिला होता. जोडीच्या वस्तूंची वाटणी झाली, एकुलत्या एक वस्तूचे दोन तुकडे कसे करणार? तो मागवायचा तर कागद जाणार, कागद येणार. आठ-दहा दिवस. मी हे पाटलांना सांगितलं तेव्हा ते पागोटं काढून मांडीवर ठेवून बसले. त्या रात्री मी शाळेच्या व्हरांड्यात पडलो. झोप कसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच बायका त्याच ओट्यावर. पाणी नाही, काम नाही, तरी जमल्या. बसप्पाची बायको गुरुबाई लांब भिंतीशी उभी. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. एकीनं तिच्या घागरीला पाय लावून ती बाजूला सारली. मी पाहिलं आणि दगडावर कोयता घासत राहिलो.

सुगलाबाईचा तोंडाचा पट्टा चालूच होता. तिच्या हातात कुऱ्हाड होती, दांडा सैल झालेला. ती हलवून सगळ्यांना दाखवत होती.

"हे बगा! पाणी असतं तर रातभर बुडवून ठिवली असती. लाकूड फुगून कसं दगडावानी धरतंय मग. आता हिला पाणी पाजू का नातीला?" 

माझा हात थांबला.

मी तिला विचारलं, "आक्का, लाकूड किती वेळात फुगतं?" 

"वाळकं असलं तर सकाळी घाला, सांजच्याला काढा. पर कडकडीत वाळकं पायजे. वलं लाकूड काय फुगतंय?" 

पाइपाचं वरचं तोंड उघडं होतं. त्यात आतून आटे होते. त्या तोंडात वाळक्या लाकडाची खुंटी बसवली, ती फुगली, तर लाकूड आट्यांत रुतेल. खुंटीला वरून सळई जोडलेली असेल तर अख्खी रांग त्या खुंटीवर वर येईल. येईल की नाही? कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. कुऱ्हाडीच्या दांड्यावर बारा पाइप टांगायचे म्हणजे वेडेपणा होता. पण मला बसवत नव्हतं. मी उठलो तेव्हा गुडघ्यावरचा कोयता दगडावर आपटून वाजला.

कडकडीत वाळकं, कठीण लाकूड कुठून आणायचं? कुणीतरी म्हणालं, बसप्पाकडं. पण जायला कुणी उठेना. मीच त्याच्या दाराशी गेलो. त्याला सांगितलं काय पाहिजे ते. त्यानं ऐकलं, आत गेला आणि जुवाची शिवळ घेऊन आला. बैलाच्या मानेशेजारी जुवात खोचतात ती खुंटी, बाभळीची, बापाच्या वेळची. बैल छावणीत होते, जू आढ्याला टांगलेलं. त्यानं अंगणात बसून ती शिवळ पाइपाच्या मापानं तासली. सुताच्या हिशेबानं, लाकडी बैलाचे कान कोरावेत तशी. मग आरपार भोक पाडलं, त्यातून मी सळई घातली, खाली नट आवळला. दोन तास आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. त्या दोन तासांत सांगता आलं असतं. त्यानं विचारलं नाही, मी बोललो नाही.

सुगलाबाईनं घरातला आरसा आणला. आरशानं ऊन बोअरमध्ये सोडलं की ऐंशी फुटांवर पाइपाचं तोंड लुकलुकताना दिसायचं. खुंटी सळयांना टांगून त्या तोंडात बसवायला तासावर वेळ गेला. मग वरून ठोकून घट्ट केली. आता तिला पाणी पाजायचं. बोअरमधलं पाणी त्या तोंडाच्या खूप खाली होतं, खुंटी कोरडी लटकत होती. म्हणजे पाणी वरूनच ओतायला हवं, थोडं थोडं, दिवसभर.

मी बायकांसमोर उभा राहिलो आणि दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी भोकात ओतायला मागितलं. असं काही मी आयुष्यात मागितलेलं नव्हतं. कुणी हसलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. सुगलाबाई घरात गेली आणि एक तांब्या घेऊन आली. "घे बाबा," म्हणाली, "पी." ते ती बोअरला म्हणत होती. मग एकेक आली. कुणी तांब्या, कुणी वाटी. सळईवरून बारीक धार सोडायची, थांबायचं, पुन्हा सोडायची. गुरुबाई सगळ्यांच्या शेवटी आली. डोक्यावर भरलेली घागर. तिच्या घरातलं सगळं पाणी.

"बाई, एवढं नको," मी म्हणालो.

"आमच्याच मानसानं बोअर घालिवलं न्हवं का?" ती म्हणाली. "घ्या." 

आणि ती घागर माझ्यासमोर ठेवून ती निघून गेली. त्या घराची त्या दिवशी चूल पेटली का नाही मला ठाऊक नाही. तेव्हाही मी बोललो नाही, हे मी आज लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी उजाडताच पाइप ओढायला घेतले. गावातली दहा माणसं, तीन बल्ल्यांची तिकाटी, दोर. कुणीतरी म्हणालं, "बसप्पाला लांब ठिवा रे." तो आपण होऊनच लांब गेला आणि निंबाखाली बसला. बायका ओट्याभोवती, पण कुणाच्या तोंडातून ब्र नाही. पहिला ताण दिला तेव्हा काहीच हललं नाही. दुसऱ्याला सळई तणाणली. मला वाटलं आता खुंटी सुटणार आणि सळई एकटीच झपकन वर येणार. मग दोर हातभर सरकला आणि त्याच्याबरोबर वजन सरकलं. वजन! हाताला कळतं ते. "धर," मी म्हणालो. "धर. धर." पाइपाचं तोंड ओट्याच्या वर आलं, त्यात बसप्पाची खुंटी फुगून अशी बसलेली की पुढं ती छिन्नीनं फोडून काढावी लागली. मी चिमटा आवळला, आणखी आवळला, मग पुन्हा एकदा आवळला. "सोड," म्हणालो, आणि तिथंच खाली बसलो.

दहाच्या सुमाराला नवी सळई, नवे वॉशर घालून हापसा उभा झाला. आधी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ धार आली. सगळ्या बायका एकदम पुढं आल्या आणि पाटलीणबाईंनी सगळ्यांना गप्प करून सांगितलं, पहिली घागर मिस्त्रीच्या हातानं भरायची. कुणाची ते मिस्त्रीनं सांगावं. माझं कौतुक चाललं होतं. निंबाखालचा बसप्पा उठून घराकडं निघाला होता.

"बसप्पा," मी हाक मारली. सगळे वळले. मला वाटलं होतं की शब्द सापडणार नाहीत, पण ते दोन दिवस तोंडातच बसून होते. "पाइप ह्याच्या हातून न्हाई गेले. मी गप्पा मारून राहिलो होतो. सुगलाआक्कानं विचारलं आणि मी 'हाव' म्हणालो. ह्यानं साप ऐकला. कुणीही उडालं असतं. मी त्याच वेळी ओळखलं होतं. बोललो न्हाई." 

सुगलाबाईनं तोंडावर हात ठेवला. "म्हंजी माज्या विळीपायी?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही. बसप्पा जागेवरच थांबला होता. तो बायकोला कानडीत हळूच काहीतरी म्हणाला, तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती गर्दीतून पुढं आली आणि रिकामी घागर धारेखाली ठेवली.

"मंग माजी तुमी भरा," म्हणाली.

मी दांडा धरला. घागर भरली, तिनं उचलली, घरी नेली आणि कळशी घेऊन आली. कळशी भरली, तर हंडा. हंड्यामागून बादली, बादलीमागून दूध नसलेली दुधाची चरवी. एरवी त्या हापशावर तिसरं भांडं लावणाऱ्या बाईचे केस धरले जायचे. त्या दिवशी रांगेतली एकही बाई बोलली नाही. सगळ्या आपापल्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या होत्या आणि मी हापसत होतो. यंत्र दुरुस्त करणं वेगळं आणि हापसणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या दंडांना कळलं. ती परातही घेऊन आली. मग पातेलं. मग कोनाड्यातला तांब्या.

तो भरल्यावर मी दांडा सोडला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "झालं का बाई?" 

तिनं घराच्या दाराकडं एकदा पाहिलं.

"इन्नू अदाव," म्हणाली.

एवढं कानडी मला येत होतं. अजून आहेत. मी पुन्हा दांड्याला हात घातला.